देवी गेली, पण भाऊबंद राहिला

पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा. घरात दोन ते दहा वर्षांचं लेकरू असेल तर नक्की वाचा.

आपल्या भाषेत अंगावर उठणाऱ्या पुरळांना नावांची कमी नाही. देवी, कांजिण्या, गोवर, नागीण, गजकर्ण, खरूज, नायटा, घामोळं, चामखीळ. प्रत्येक नावाबरोबर घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडे एक ठरलेली वागणूकही असते. कांजिण्या आल्या की फोडणी बंद, उशाला कडुनिंबाचा पाला. चामखीळ दिसली की घोड्याच्या शेपटीचा केस बांधा. नागीण म्हटलं की अमक्या गावचा मांत्रिक.

एका दुखण्याला मात्र मराठीत सर्वमान्य नावच नाही. लहान मुलांच्या काखेत, पोटावर, मांडीच्या आतल्या बाजूला, कधी गालावर मोत्यासारखे बारीक दाणे येतात. कातडीच्याच रंगाचे, चमकदार, ज्वारीच्या दाण्याएवढे किंवा त्याहून लहान. नीट बघितलं तर मधोमध टाचणीने टोचल्यासारखा खळगा दिसतो. ताप नाही, दुखत नाही, कधीतरी खाजतं एवढंच. आज तीन, पुढच्या महिन्यात तेरा, दिवाळीपर्यंत तीस. डॉक्टर कागदावर लिहितात ‘मोलस्कम कंटेजिओसम’. घरी येईपर्यंत त्याचं ‘मलस्कम’ होतं, शेजारीण विचारते तेव्हा ‘काहीतरी इन्फेक्शन’ होतं आणि शाळेच्या गेटवर पोचेपर्यंत नुसतं ‘संसर्गजन्य’ उरतं.

यंदा जूनमध्ये आपल्या तालुक्यातल्या एका शाळेने दुसरीतल्या एका मुलीला ‘पूर्ण बरी झाल्याशिवाय पाठवू नये’ असा निरोप दिला. शाळेचं नाव लिहीत नाही, मुलीचं तर अजिबात नाही. पण ‘पूर्ण बरी’ व्हायला किती दिवस लागतात ते त्या निरोप देणाऱ्याला ठाऊक असतं, तर त्याने तो दिला नसता. ते पुढे सांगतोच. आधी या दुखण्याचा इतिहास सांगतो, कारण तो मलाही चाळता चाळता सापडला आणि त्यात आपल्या देवीच्या रोगाचं मोठं नातं निघालं.

सुरुवात लंडनमध्ये. सन १८१७. थॉमस बेटमन नावाचे डॉक्टर गोरगरिबांच्या दवाखान्यात काम करत. त्यांचे गुरू रॉबर्ट विलन यांनी त्वचेच्या रोगांची शिस्तशीर वर्गवारी करायला घेतली होती, पण १८१२ मध्ये ते वारले आणि काम शिष्याकडे आलं. तोवर कातडीचे रोग म्हणजे सगळा एकच गोंधळ होता. बेटमननी रंगीत चित्रांसह पुस्तक काढलं आणि त्यात या मोत्यांसारख्या दाण्यांना नाव दिलं. लॅटिनमध्ये मोलस्कम म्हणजे मऊ, कंटेजिओसम म्हणजे लागट. मऊ आणि लागट गाठ, इतकं साधं नाव आहे ते. त्यांच्याकडे आलेल्या एका तरुण स्त्रीने सांगितलं होतं की ती ज्या तान्ह्या बाळाला सांभाळायची, त्याच्या तोंडावर असाच दाणा होता. रोगी स्त्रीने स्वतःहून सांगितलेली ही गोष्ट डॉक्टरांनी मनावर घेतली, म्हणून ‘लागट’ हा शब्द नावात आला. लेकरू सांभाळणाऱ्या बाईचं निरीक्षण दोनशे वर्षांपूर्वी बरोबर होतं.

मग १८४१. एडिनबर्गमधले हेंडरसन आणि पॅटरसन या दोघांनी एकाच वर्षी, वेगवेगळं, एकच काम केलं. दाण्यातून निघणारा पांढरा, पनीरच्या चुऱ्यासारखा गर सूक्ष्मदर्शकाखाली धरला. त्यांना पेशींच्या आत अंड्यासारखे मोठे गोळे दिसले. आजही पॅथॉलॉजीच्या पुस्तकांत त्यांना या दोघांचंच नाव आहे. त्या वेळी त्यांना कळणं शक्य नव्हतं, पण ते गोळे म्हणजे विषाणूंची गच्च भरलेली वखार होती. रोग जंतूंमुळे होतात हे कॉखने सिद्ध करायला अजून पस्तीस वर्षं होती. विषाणू हा शब्द आजच्या अर्थाने कुणाच्या तोंडी नव्हता. म्हणजे चोर कोण ते माहीत नसताना त्याचं गोदाम सापडलं होतं.

पुढची साठ वर्षं डॉक्टरमंडळी भांडत राहिली. काही म्हणाले लागट आहे, काही म्हणाले छे, ही तेलग्रंथींची गाठ आहे. निकाल लागला तो जनावरांच्या मार्गाने. १८९८ मध्ये जर्मनीत लोफ्लर आणि फ्रॉश यांनी गुरांच्या लाळ्या-खुरकूत रोगाची लस (म्हणजे फोडातलं पाणी, टोचण्याची लस नव्हे) अशा गाळणीतून गाळली की ज्यातून कुठलाही जिवाणू पार जाऊ शकत नाही. तरी गाळलेल्या पाण्याने वासरं आजारी पडली. म्हणजे जिवाणूपेक्षा लहान काहीतरी आहे. शेतकऱ्याच्या गोठ्यातल्या रोगाने माणसाच्या अनेक रोगांचं कोडं सोडवलं ते असं. १९०५ मध्ये युलिउसबर्ग या जर्मन डॉक्टरने तीच युक्ती मोलस्कमवर वापरली. गर गाळला, गाळलेलं पाणी माणसाच्या कातडीत चोळलं, काही आठवड्यांनी दाणे आले. वाद संपला. दोनच वर्षांनी, १९०७ मध्ये, इटलीच्या चुफो यांनी चामखिळीबद्दलही हेच दाखवलं. मात्र चामखिळीचा विषाणू वेगळ्या घराण्यातला. दोन्ही दुखणी दिसायला शेजारी, पण रक्ताचं नातं नाही.

मोलस्कमचं रक्ताचं नातं कुणाशी, तर देवीशी.

पॉक्स नावाचं विषाणूंचं एक मोठं कूळ आहे. गायीचे, उंटाचे, कोंबडीचे, मेंढीचे, सगळ्यांचे आपापले पॉक्स विषाणू. अलीकडे आपल्याकडच्या गुरांना छळणारा लम्पीसुद्धा याच कुळातला. या एवढ्या मोठ्या खटल्यात फक्त माणसावरच जगणारे दोघेच. एक देवीचा, दुसरा मोलस्कमचा. पहिल्याने गावंच्या गावं ओस पाडली. दुसऱ्याने आजवर धडधाकट लेकराला मारलेलं नाही. म्हणूनच त्याच्याकडे कुणी बघितलं नाही.

देवीचा इतिहास आपल्या दारातला आहे. १४ जून १८०२ ला मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला भारतातली पहिली देवीची लस टोचली गेली. लस आली होती बसऱ्याहून. तेव्हा बर्फाची पेटी नव्हती. एका मुलाच्या दंडावरचा फोड पिकला की त्यातली लस पुढच्या मुलाच्या दंडात, अशी दंडादंडावरून ती प्रवास करायची. ॲनाच्या दंडावरून आधी मुंबईतली आणखी मुलं, मग पुणे, सुरत, हैदराबाद. पुस्तकात तिच्याबद्दल एक-दोन ओळींपलीकडे फार काही मिळत नाही. पण या देशातल्या लसीकरणाचं मूळ खोड ती तीन वर्षांची पोर होती, हे शाळेच्या पुस्तकात असायला हवं असं माझं मत आहे.

त्यानंतर पावणेदोनशे वर्षं ‘देवी काढणं’ चाललं. गावात देवी काढणारा आला की पोरं माळवदावर, कणगीत लपायची, हे तुमच्या आई-आजीला विचारा. ज्यांचा जन्म सत्तरच्या दशकाच्या मध्याआधीचा, त्यांच्या दंडावर किंवा मनगटाजवळ ते गोल वण आजही दिसतात. (माझ्या वयाच्या लोकांनी उगाच बाही वर करू नये, आपला वण बीसीजीचा आहे.) शेवटी शेवटी तर रुग्ण कळवणाऱ्याला १००० रुपये बक्षीस अशा पाट्या भिंतींवर रंगवल्या होत्या. भारतातला शेवटचा रुग्ण मे १९७५ मध्ये आसामातल्या करीमगंजला सापडला. एप्रिल १९७७ मध्ये आंतरराष्ट्रीय समितीने भारत देवीमुक्त असल्याचं मान्य केलं. निसर्गतः झालेला जगातला शेवटचा रुग्ण ऑक्टोबर १९७७ मध्ये सोमालियात, आणि ८ मे १९८० ला जागतिक आरोग्य परिषदेने जाहीर केलं की देवी पृथ्वीवरून गेली.

मोठा भाऊ गेला. धाकटा राहिला आणि माणसाची सगळी जहागिरी त्याच्या एकट्याच्या नावावर झाली. देवीच्या लसीचा त्याच्यावर काही परिणाम होत नाही. त्याच्यासाठी वेगळी लस कुणी केली नाही. प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या पेशींवर तो वाढतच नाही, त्यामुळे अभ्यासही अवघड. १९९६ मध्ये त्याचा संपूर्ण जनुकीय आराखडा वाचला गेला तेव्हा मात्र शास्त्रज्ञांनी तोंडात बोट घातलं. देवीच्या विषाणूपेक्षा याचा स्वभाव अगदी निराळा. शरीराच्या पहारेकऱ्यांना गुंगवणारी प्रथिनं तयार करायची जनुकं त्याच्याकडे आहेत. शिवाय तो कातडीच्या सगळ्यात वरच्या थरातच राहतो, रक्तात उतरतच नाही. देवीचा विषाणू दार तोडून यायचा. हा ओसरीवर बसून राहतो, आवाज करत नाही, आणि घरच्यांना वाटतं पाहुणा असेल.

म्हणूनच तो एवढा टिकतो. आता तो आकडा. ब्रिटनमध्ये ३०६ मुलांची पाहणी झाली, २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. दाणे पूर्ण जायला सरासरी लागले १३.३ महिने. दीड वर्षानंतरही ३० टक्के मुलांच्या अंगावर दाणे होतेच. दोन वर्षांनंतर १३ टक्के. आणि सुमारे ४० टक्के घरांत ते भावंडाला किंवा घरातल्या दुसऱ्या मुलाला झाले.

सरासरी तेरा महिने! म्हणजे ‘पूर्ण बरी झाल्यावर पाठवा’ म्हणजे त्या मुलीची अख्खी दुसरी बुडणार, कदाचित तिसरीही. पहिलीतल्या पोराला हा नियम लावला तर ते वाचायला शिकेल कधी?

अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचं म्हणणं स्वच्छ आहे: या दाण्यांसाठी मुलाला शाळेतून काढायची गरज नाही, उघड्या जागेचे दाणे कपड्याने किंवा पट्टीने झाका. जपानमध्ये हाच वाद पोहण्याच्या तलावावरून झाला. तिथे या दुखण्याला बोलीत छान नाव आहे, ‘मिझुइबो’, म्हणजे पाण्याची चामखीळ. नावात पाणी आहे म्हणून की काय, शाळा अशा मुलांना तलावात उतरू देत नसत. तिथल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनांनी सांगितलं की पाण्यातून हे पसरत नाही. टॉवेल, पोहायची फळी या वस्तू मात्र एकमेकांच्या वापरू नका. आपल्याकडे तलाव कमी, पण तालमी आहेत. अंगाला अंग घासतं तिथे हे पसरू शकतं, पैलवानांमध्ये ते दिसलेलं आहे. तालमीतल्या पोराने दाणे झाकावेत आणि आपला पंचा आपणच वापरावा. वस्तादांना सांगायला लाज कसली?

शाळेची बाजू मला कळत नाही असं नाही. जुलै २०२२ मध्ये केरळात मंकीपॉक्सचा पहिला रुग्ण सापडला, २०२४ मध्ये पुन्हा जागतिक आणीबाणी जाहीर झाली. तोही याच कुळातला, आणि त्याच्याही फोडाला मधोमध खळगा पडतो. व्हॉट्सअपवर फोटो फिरले. पालकांनी मुख्याध्यापकांना फोन केले. मुख्याध्यापक बिचारे डॉक्टर नाहीत. पण मंकीपॉक्समध्ये ताप येतो, गाठी सुजतात, माणूस आजारी दिसतो आणि काही आठवड्यांत निकाल लागतो. चार महिने तेच दाणे घेऊन खो-खो खेळणाऱ्या मुलीला मंकीपॉक्स नसतो. एवढं तर कुठलाही डॉक्टर दोन मिनिटांत सांगू शकतो, मग निरोप द्यायच्या आधी विचारायला काय हरकत होती?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत आणि दोनदा अंगणवाडीत येतं. २०१३ पासून येतंय. त्यांच्या तपासणीच्या यादीत त्वचेचे आजार आहेत: खरूज, बुरशी, इसब. मोलस्कमचं नाव त्या यादीत वेगळं नाही. नाव नसलं की नोंद नाही, नोंद नसली की पथक गेल्यावर शाळेला सांगणारं कुणी नाही. आपल्या तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनी एका पानाचं परिपत्रक काढलं तरी हा प्रश्न संपेल. त्यासाठी निधी लागत नाही.

आणखी एक गोष्ट, जरा नाजूक. ऐंशी-नव्वदच्या दशकात एड्सची साथ आली तेव्हा डॉक्टरांना मोठ्या माणसांच्या चेहऱ्यावर हे दाणे ढिगाने दिसू लागले, कारण त्यांची प्रतिकारशक्ती ढासळलेली असे. मोठ्यांमध्ये ते शरीरसंबंधातूनही पसरतात. तेव्हापासून या दुखण्याच्या नावाला एक काळा डाग चिकटला. मुलाच्या मांडीवर दाणे बघून आईबापाला भलतीसलती शंका येते, ती अशा कुठल्यातरी वाचनातून. लहान मुलांत ते साध्या स्पर्शाने, टॉवेलने, एकत्र खेळण्याने येतात आणि स्वतःच्याच खाजवण्याने एका जागेहून दुसरीकडे जातात. मोठ्या माणसाला तोंडभर आले तर त्याने तपासणी जरूर करावी. पाच वर्षांच्या पोराच्या बाबतीत कुणीही कुजबूज करू नये.

आता उपचार. इथे आपला खरा घात होतो. दाणे दिसले की ‘चामखीळ’ समजून जाळायला घेतात. कुणी बिब्बा लावतं, कुणी रुईचा चीक, कुणी चुना आणि धुण्याचा सोडा. बाजारच्या दिवशी ‘चामखीळ काढून मिळेल’ म्हणून बसणारे बाटलीतलं काय लावतात ते त्यांनाच ठाऊक. बिब्ब्याने भाजलेली कातडी मी बातमीच्या निमित्ताने पाहिली आहे. मोलस्कमचा दाणा आपोआप गेला तर बहुधा खूण राहत नाही, राहिलीच तर बारीक खळगा. बिब्ब्याचा डाग मात्र वर्षानुवर्षं जात नाही. मुलगी असली की पुढे लग्नाच्या वेळी त्या डागाचं काय होतं, ते आपल्या समाजात मी सांगायला नको.

गंमत म्हणजे आधुनिक औषधही भाजणाऱ्या जातीचंच निघालं. बाजरी-मुगाच्या फुलांवर येणारे हिंगे शेतकऱ्यांना माहीत आहेत, अंगावर चिरडला की फोड येतो तो किडा. त्याच जातीच्या किड्यांत कँथरिडिन नावाचं द्रव्य असतं. युरोपात आणि चीनमध्ये ते शतकानुशतकं औषधात होतं. अमेरिकेत १९६२ मध्ये उपयुक्ततेचे पुरावे न दिल्यामुळे ते मान्य यादीतून बाहेर गेलं, आणि मोलस्कमसाठी मोजून-मापून केलेलं रूप जुलै २०२३ मध्ये पुन्हा मंजूर झालं. या आजारासाठी तिथे मान्यता मिळालेलं ते पहिलंच औषध. बेटमनपासून मोजलं तर २०६ वर्षं लागली. पण हे वाचून कुणी हिंगे पकडायला बांधावर जाऊ नका. ते द्रव्य पोटात गेलं तर जीव जातो, आणि डॉक्टरही ते काडीच्या टोकाने, दाण्यावरच, मोजक्या वेळापुरतं लावतात.

आपल्याकडे त्वचारोगतज्ज्ञ सुईने गर काढतात, गोठवतात किंवा पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं सौम्य द्रावण देतात. २०१७ मध्ये सगळ्या उपचारांचा एक मोठा आढावा घेतला गेला, त्यात एकही उपचार दुसऱ्यापेक्षा ठामपणे सरस ठरला नाही. त्यामुळे डॉक्टर ‘काही करू नका, थांबा’ म्हणाले तर ते टाळतायत असं समजू नका. फी घेऊन औषध न देणं आपल्याला पचत नाही, हा आपला दोष.

थांबण्यातही एक फसगत आहे, ती माहीत हवी. कित्येक महिने गप्प बसलेला दाणा एके दिवशी अचानक लाल होतो, सुजतो, फोडासारखा दिसतो. आई घाबरते, मेडिकलमधून अँटिबायोटिक येतं. बहुतेक वेळा ती गोष्ट चांगली असते: ओसरीवर बसलेला पाहुणा नव्हे, चोर आहे हे शरीराला शेवटी कळलेलं असतं. डॉक्टर त्याला शेवटाची सुरुवात म्हणतात. त्यानंतर काही आठवड्यांत दाणे गळू लागतात. ताप आला, लाली पसरत चालली, खूप दुखायला लागलं तर मात्र दाखवा. डोळ्याच्या पापणीवर किंवा कडेला दाणा असेल तर वाट बघूच नका, दाखवा.

बाकी घरात करायचं ते थोडकंच. लेकराची नखं कापा. टॉवेल वेगळा. भावंडांना एका बादलीत, एका साबणाने आंघोळ घालणं काही महिने बंद. कातडी कोरडी किंवा इसबाची असेल तर रोज खोबरेल किंवा डॉक्टरांनी दिलेलं मलम, कारण खाज कमी झाली की खाजवणं कमी आणि दाण्यांची नवी वस्ती कमी. मुलाला रागावू नका, ‘हात लावू नको, घाण आहे’ असं तर मुळीच म्हणू नका. त्या ब्रिटनच्या पाहणीत दर दहांतल्या एका मुलाला या दाण्यांचा खूपच त्रास झाला होता, आणि हा त्रास नुसत्या खाजेचा नसतो.

सरकारी दवाखान्यात त्वचारोगाची ओपीडी रोज नसते. जाण्याआधी फोन करून वार विचारा. जाताना घरातल्या बाकी लेकरांनाही घेऊन जा. आणि शाळेला दाखवण्यासाठी ‘मुलाला शाळेत बसता येईल’ अशी एक ओळ डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्यायला विसरू नका.